नखाएवढा तुकडा

"नाही," असं मुकादमाच्या तोंडून निघून गेलं. कुणी पाणी हवं का विचारावं आणि माणसाने सवयीने नको म्हणावं, इतकं सहज. सर्जनबाईंनी विचारलं होतं की डोळ्याखालचं हे जुनं मोडलेलं हाड बसवताना आत काही घातलं होतं का, तार, पट्टी, जाळी, काहीही. मुलगा म्हणाला, लहानपणी चेंडू लागला होता, हाड बसवलं होतं, बाकी मला ठाऊक नाही. मग त्याने मान वळवून शेजारच्या खुर्चीतल्या बापाकडे बघितलं. "बाबा, नाही ना?" आणि बाबा म्हणाले, नाही. बाईंनी समोरच्या कागदावर दोन शब्द खरडले. एवढं मोठं खोटं आणि त्याला पेनाचे दोन फटकारे पुरले. मुकादमाला वाटलं, बाई आता मान वर करतील, उलटसुलट विचारतील, आवाज चढवतील. त्यांनी पान उलटलं आणि रक्त पातळ करायची कुठली गोळी चालू आहे का, असं विचारलं.

पडद्यावर मुलाचं डोकं होतं, काळंपांढरं, समोरून उभं कापून आतलं उघडं टाकलेलं. उजव्या गालातली पोकळी काळी आणि रिकामी होती, डावीकडची राखाडी रंगाने ठासून भरली होती. गाठ आहे पण साधी आहे, कॅन्सर नाही, असं बाई म्हणाल्यावर मुलाच्या पलीकडे बसलेल्या सुनेने सहा महिने कोंडलेला श्वास सोडला. पण साधी म्हणजे गरीब नव्हे, असं बाईंनी लगेच बजावलं. ही गाठ आतल्या आत उलटी वाढते, हाड झिजवत जाते, मुळाचा कण जरी राहिला तरी पुन्हा येते, आणि क्वचित पुढे जाऊन वाईट चालीची निघते. म्हणजे ती मुळासकट काढायची आणि जिथे चिकटली असेल तिथलं हाडही घासायचं. नाकातून दुर्बीण घालून जाता येतं, मग बाहेर एकही टाका दिसत नाही. वरच्या ओठाखाली दातांच्या वर चीर देऊन गालाच्या हाडाला खिडकी पाडता येते. अगदीच अडचण असेल तर त्याच चिरेतून चेहऱ्याची कातडी सोडवून डोळ्यांपर्यंत वर उचलतात, नाहीतर नाकाच्या कडेने सरळ चेहऱ्यावरच कापतात. तुमच्या बाबतीत एवढी तोडफोड नको, बाई म्हणाल्या, दुर्बिणीने होईल. मूळ आहे पोकळीच्या छताला. तिथे बारीक फिरकी लावायची, छत घासून घ्यायचं, दोन-तीन दिवसांत घरी.

मुकादमाने पस्तीस वर्षं घरं पाडली होती. बाई जे सांगत होत्या ते त्याला फार चांगलं कळत होतं, आणि तीच पंचाईत होती. दारातून शिरायचं, भिंतीला भोक पाडायचं, की दर्शनी बाजूच उतरवून ठेवायची, हा विचार त्याने शेकडो वेळा केला होता. त्या पोकळीचं छत म्हणजेच डोळ्याची जमीन. त्या जमिनीवर, मुलाच्या डोळ्याखाली, नखाएवढा एक प्लास्टिकचा तुकडा एकवीस वर्षं पडून होता. पडद्यावर तो जाडसर पांढुरकी रेघ होऊन दिसत होता आणि बाई त्याला जुनं, वेडंवाकडं सांधलेलं हाड समजत होत्या. या सर्जन पोरीला सांगायचं कसं, की ती रेघ हाडाची नाही? तिने खालून फिरकी लावली, फिरकीने प्लास्टिक पकडलं आणि गरकन फिरवलं, तर वरचा डोळा काय होईल, हे त्याला बसल्या जागी दिसत होतं. मऊ फळात खिळा फिरवावा तसं. मुलगा शहरबस चालवायचा. एका डोळ्याच्या माणसाला कोण बस देतं?

घरी जाताना मुलगा हसतखेळत होता. ऑपरेशन दहाव्या दिवशी, त्याच्या आदल्या सकाळी सह्या करायला पुन्हा यायचं. म्हणजे नऊ दिवस हातात होते. मुकादम मागच्या सीटवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होता. हात म्हातारे झाले होते, पण बोटं अजून जाडजूड होती, आणि उजव्या मुठीचं मधलं हाड थोडं बसलेलं होतं. ते कधी बसलं हे जगात फक्त त्याला आणि मुलाला ठाऊक होतं. बायकोलाही ठाऊक होतं, पण ती तीन वर्षांपूर्वी गेली होती.

पाडकामात एक नियम असतो. घणाचा पहिला घाव घालायच्या आधी मालकाला समोर उभा करून विचारायचं, भिंतीत काय आहे. नकाशात काय आहे ते नाही, भिंतीत काय आहे ते. लोक घरात वर्षानुवर्षं काय काय करून ठेवतात. खांब काढतात, तुळई कापतात, टाकी बुजवतात आणि वरून गिलावा मारून मोकळे होतात. विचारलं की म्हणतात, काही नाही, साधी भिंत आहे. त्यांना लाज वाटत असते, नाहीतर दंडाची भीती असते. मुकादम प्रत्येक मालकाला तीनदा विचारायचा. तिसऱ्यांदा विचारताना तो मालकाच्या तोंडाकडे बघायचा नाही, हातांकडे बघायचा. एकवीस वर्षांपूर्वी एका दुमजली दुकानाच्या मालकाला त्याने असंच तीनदा विचारलं होतं आणि मालकाचे हात खिशात होते. साधी भिंत आहे हो, मालक म्हणाला. त्या भिंतीच्या पोटात एक कापलेला खांब होता आणि खांबाच्या जागी नुसता लाकडी टेकू. बुटक्या नावाचा मुकादमाचा सगळ्यात जुना गडी, नऊ वर्षं खांद्याला खांदा लावून काम केलेला, त्याने दुसरा घाव घातला आणि वरचा स्लॅब खाली आला. बुटक्या कमरेपर्यंत आत राहिला. तो ओरडला नाही. तो तासभर बोलत होता, पाय गार पडलेत म्हणाला, चप्पल कुठे गेली विचारत राहिला, आणि मग बोलायचा थांबला.

मालक तोवर पळून गेला नव्हता, हे त्याचं दुर्दैव. मुकादमाने त्याला त्याच्याच दुकानाच्या पायरीवर धरलं. आधी त्याने त्याचे हात खिशातून बाहेर काढले. मग मारलं. तोंडावर मारलं, बरगड्यांत मारलं, खाली पडल्यावर लाथांनी मारलं. मालकाचे दात त्याच्या बोटांना लागले आणि त्याला बरं वाटलं. हे त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही, की त्याला बरं वाटलं. चौघांनी त्याला ओढून काढलं तेव्हा मालकाच्या तोंडाचा लगदा झाला होता, पण मुकादमाचा राग अर्धादेखील वापरून झाला नव्हता. उरलेला राग घेऊन तो हत्यारांची पेटी बंद करायला गेला. कुलूप हातात घेतलं, पण लावलंच नाही. तसंच मुठीत धरून तो भर दुपारी चालत घरी आला. अंगावर बुटक्याचं रक्त, मालकाचं रक्त. मुलगा घरासमोरच्या भिंतीवर चेंडू मारत होता. तेरा वर्षांचा होता. बाप लवकर आलेला बघून त्याला आनंद झाला. "बाबा, झेला," असं ओरडून त्याने चेंडू फेकला, आणि तो मुकादमाच्या छातीवर आपटला. एवढंच झालं. मूठ आपली आपण वर गेली. कुलूप मुठीत होतं. गालाचं हाड मोडल्याचा आवाज कौल फुटल्यासारखा असतो, हे मुकादमाला त्या दिवशी कळलं.

नंतरचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. मुलाला उचलून तो धावला, दोन चौक ओलांडून ओळखीच्या एका डॉक्टरकडे. त्या डॉक्टरचं जुनं घर मुकादमाने पाडून दिलं होतं. डॉक्टर म्हातारा आणि हाताने चांगला होता. डोळा आत उतरलाय, जमीन फुटलीय, आधार द्यायला हवा, असं म्हणून त्याने प्लास्टिकचा एक पातळ दुधी पत्रा काढला आणि साध्या कात्रीने त्याचा एवढासा तुकडा कापला. पुढे कधी कुणी इथे हत्यार लावलं तर हे सांगायला विसरू नका, असं त्याने बजावून सांगितलं. मुकादम म्हणाला, कागदावर काही लिहू नका. डॉक्टरने त्याच्या मुठीकडे बघितलं आणि लिहिलं नाही. आता तो डॉक्टरही नाही, त्याचा दवाखानाही नाही. तो दवाखाना पाडायचं काम दुसऱ्या कुणालातरी मिळालं होतं.

मुलगा तीन दिवस अर्धवट शुद्धीत होता आणि त्याच्याजवळ बायको बसून होती. तिने मुकादमाला खोलीत येऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी बाहेर येऊन ती म्हणाली, "तो बरा होईल. पण या गोष्टीवर त्याच्याशी जन्मात एक अक्षर बोलायचं नाही. बोललात तर मी त्याला घेऊन निघून जाईन." तो बोलला नाही. मुलगा शाळेत, शेजारी, सगळ्यांना चेंडू लागला असं सांगू लागला, भिंतीवरून उलटून आला म्हणे. तेरा वर्षांचं पोर बापासाठी इतकं सफाईदार खोटं बोलतं, हे ऐकून मुकादमाला पहिल्यांदा रडू फुटलं. त्या दिवसापासून त्याने मूठ वळली नाही. मुलगा म्हणेल ती पूर्व दिशा. लोक म्हणायचे, एवढा तापट माणूस, पण पोरासमोर गाय होतो. कसा नाही होणार? पोराच्या तोंडात त्याची मान अडकली होती. एक शब्द काढला असता तर संपलंच होतं, आणि पोराने तो कधी काढला नाही. बापाकडे बघून हसायचा. लग्न झाल्यावर बायकोलाही त्याने चेंडूच सांगितला.

म्हणून तर त्या दिवशी बाईंच्या समोर मुलाने मान वळवून "नाही ना?" विचारलं, तेव्हा मुकादमाला ते बरोबर समजलं, निदान समजलं असं वाटलं. मुलगा पुन्हा एकदा त्याला वाचवत होता. बाबा, आपलं ठरलंय तेच बोला. त्या बिचाऱ्याला तुकड्याचं ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, लपवायची आहे ती फक्त मूठ.

नऊ दिवस मुकादम घरात पाहुण्यासारखा वागला. सकाळी नातीची वेणी घालायची, तिला शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं, हे काम त्याचं. दोघं नोकरीवर जात, सहा वर्षांची पोर दिवसभर त्याच्या ताब्यात. सून त्याच्या भरवशावर निर्धास्त होती. आमचे बाबा आहेत म्हणून माझी नोकरी आहे, असं ती चारचौघांत सांगायची. ती परक्या घरातून आलेली, पण त्याच्यावर तिचा पोटच्या लेकीसारखा जीव होता. तिला कळलं की या हातांनी तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडाचं हाड फोडलंय, की ती काय करील हे त्याला दिसत होतं. ओरडणार नाही, भांडणार नाही. नातीचा हात त्याच्या हातातून सोडवून घेईल, बस. त्याच्या आयुष्यात आता तेवढीच एक गोष्ट उरली होती, आणि ती वाचवायला मुलाचा डोळा मोजावा लागणार होता. हा हिशेब एखाद्या जनावरालाही कळला असता. तरीही तो गप्प बसला.

गप्प बसला म्हणजे स्वस्थ बसला नाही. वेणी घालताना त्याला फिरकीचा आवाज यायचा. मुलगा समोर जेवत असला की त्याच्या चेहऱ्याची कातडी हळूच ओठापासून सुटून वर चालली आहे असं दिसायचं, आणि खाली एक पांढरी, ओली, दातांची कवटी घास चावत असायची. एकदा तर त्याला त्या सर्जनबाईंचाच संताप आला. एवढं शिकून प्लास्टिक आणि हाड यांतला फरक ओळखता येत नाही? तिचं यंत्र उचलून तिच्याच टेबलावर आपटावं, पडद्यात घण घालावा, काचांचा खच पाडावा, अशी चित्रं त्याच्या डोक्यात तास-तास चालायची आणि त्या मोडतोडीत त्याला जरा झोप लागायची. पाचव्या दिवशी त्याने इस्पितळात फोन लावला. तिकडून कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज आला, बोला. पेशंटचं नाव विचारलं. त्याने ठेवून दिला. मग वाटलं, चिठ्ठी लिहावी, निनावी. पण निनावी चिठ्ठीवर कोण सर्जन आपला बेत बदलतो? आणि समजा बदलला, तरी हे कुणाला ठाऊक असणार, हे सुनेला दोन मिनिटांत कळलं असतं. सातव्या दिवशी त्याने स्वतःशी ठरवलं की प्लास्टिक विरघळलं असेल. प्लास्टिक विरघळत नाही हे पाडकाम करणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. तीस-तीस वर्षं बुजलेल्या मातीतून त्याने पिशव्या ओढून काढल्या होत्या.

सह्यांच्या सकाळी नात शाळेत होती. तिघं पुन्हा त्याच खोलीत बसली, त्याच खुर्च्यांवर, पडद्यावर तेच डोकं. बाईंनी आधी जुन्या जखमेचं पुन्हा एकदा विचारलं, मुलाने तेच चेंडूचं सांगितलं, मग त्यांनी कागद वाचून दाखवला. नाकातून दुर्बीण, गाठ मुळासकट, छताचं हाड फिरकीने घासणं. धोके वाचले: रक्तस्राव, डोळ्याला इजा, क्वचित दृष्टी जाणं, हजारात एखाद्याची. मुलाने पेन घेतलं. बाई शेवटचं म्हणून विचारत्या झाल्या, त्या जुन्या जखमेबद्दल आणखी काही सांगायचं आहे का. हा तिसरा प्रश्न होता. मुलाने नाही म्हटलं. मुकादमाला स्वतःचे हात खिशात गेलेले जाणवले. कधी गेले ते कळलं नव्हतं. आतमध्ये दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या. त्याच्या नजरेसमोर दुकानाच्या पायरीवरचा तो मालक आला, फुटलेल्या तोंडाचा, आणि त्या तोंडावर पहिल्यांदाच त्याला स्वतःचा चेहरा दिसला.

"आत तुकडा आहे," तो म्हणाला. "प्लास्टिकचा. सही करू नकोस."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांनी विचारलं ते फक्त कामाचं विचारलं. केवढा, किती जाड, तारेने बांधला होता की नुसता ठेवला होता. मुकादम उठून पडद्याजवळ गेला आणि त्याने रेघेवर बोट ठेवून दाखवलं, इथून इथपर्यंत. मागच्या वेळी का सांगितलं नाही, असं बाई म्हणाल्या तेव्हा त्याला एका वाक्यात सुटता आलं असतं. विसरलो म्हणता आलं असतं. म्हातारा माणूस आहे, विसरतो, सगळ्यांनी मानलं असतं. पण तोंड एकदा उघडलं होतं आणि आत जे होतं ते सगळं कोसळत बाहेर आलं. "चेंडू नव्हता," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "मी मारलं होतं. मुठीत कुलूप होतं." याच्या आईनं झाकलं, यानं झाकलं, मी झाकलं, असंही तो म्हणाला, आणि पोरानं माझ्यासाठी एकवीस वर्षं तोंड शिवून घेतलं, आता मी त्याचा डोळा घेऊ का?

बाईंनी कागदावर आडवी रेघ मारली. आता नुसत्या नाकातून जाणार नाही, त्या म्हणाल्या. ओठाखालून उघडू, गालाला मोठी खिडकी पाडू, दुर्बीणही घेऊ, डोळ्यांच्या डॉक्टरांना शेजारी उभं करू. तुकडा दिसत असताना सोडवायचा, मग मूळ. फिरकी छताला लावायची नाही, हातानेच खरवडायचं. चार दिवस पुढे ढकलू. आठवडाभर तोंड सुजेल, पण डोळा राहील असं मला वाटतं. मग मुकादमाकडे न बघता त्या म्हणाल्या की न सांगता मी फिरकी लावली असती तर काय झालं असतं याचा विचार मला आज दिवसभर करावा लागणार आहे.

बाहेरच्या व्हरांड्यात ओळीने प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. सून बसली नाही. तिने पर्समधून घड्याळ काढून बघितलं, पर्स बंद केली. "आज तिला शाळेतून मी आणते," ती म्हणाली. रोजच्याच आवाजात म्हणाली. जाताना तिने मुकादमाच्या हातातली घराची किल्ली मागून घेतली आणि जिन्याने खाली गेली. मुकादमाने तिच्या पाठीकडे बघितलं नाही. हे होणार हे त्याला ठाऊक होतं, ते सोसायची तयारी त्याने नऊ दिवसांत केली होती. तो मुलाकडे वळला. निदान आपल्या दोघांत आता काही लपवायचं उरलं नाही, असं काहीतरी बोलायचं त्याच्या मनात होतं.

मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. तो बापाकडे असा बघत होता, जणू हा माणूस आत्ताच जिना चढून वर आला आहे.

"आई म्हणाली होती चेंडू लागला," मुलगा म्हणाला. "भिंतीवरून उलटून."

मुकादमाला आधी अर्थ लागला नाही.

"मी झेला म्हणालो ते आठवतं," मुलगा म्हणाला. "मग काही नाही. मग तुम्ही मला उचलून पळताय ते आठवतं. तुमचा श्वास लागला होता. तुम्ही सारखं म्हणत होता, आलं, आलं, आता आलंच. मला तेवढंच आठवतं, बाबा. मी पोरीला सांगतो ते. तुझे आजोबा मला उचलून दोन चौक पळाले होते."

एकवीस वर्षं. मुकादम खुर्चीवर बसला. पोराने काही शिवून घेतलं नव्हतं, काही झाकलं नव्हतं. पोर खरंच बोलत होतं, प्रत्येक वेळी, सगळ्यांशी. त्याचं ते हसणं माफीचं नव्हतं, साधं हसणं होतं, आणि मुकादमाने त्याच्यापुढे मान खाली घालून घालून घालवलेली सगळी वर्षं पोराला बापाची माया वाटली होती. बायकोने त्याला का बोलू दिलं नाही ते आत्ता कळलं. तिने मुलाजवळ बाप शाबूत ठेवला होता. तो आज पहिल्या घावात खाली आला.

"पळालो होतो," मुकादम म्हणाला. "मारून झाल्यावर."

मुलगा त्याच्यासमोर उकिडवा बसला. बस चालवून चालवून त्याचे हात राकट झाले होते. त्याने उजवा हात वर केला. मुकादमाने डोळे मिटले नाहीत. मारू दे, मनात म्हणाला, दोन्ही हातांनी मारू दे. पण मुलाने मारलं नाही. त्याने बापाच्या चेहऱ्यावर पंजा ठेवला आणि अंगठा डोळ्याखालच्या हाडावर टेकवला.

"इथं?" त्याने विचारलं.

"थोडं खाली."

अंगठा खाली सरकला आणि त्याने दाबलं. हाड दुखेपर्यंत दाबलं, आणि मग आणखी दाबलं. मुकादमाच्या त्या डोळ्यातून पाणी येऊ लागलं, व्हरांडा धूसर झाला, समोरून स्ट्रेचर ढकलत नेणारा माणूस एकाचे दोन दिसू लागला. त्याने मान मागे घेतली नाही.

"हो," तो म्हणाला. "इथंच."